हॉलमध्ये आवाज येतो पण शब्द कळत नाहीत: वॅट वाढवण्याआधी काय तपासावे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हॉल ४०० आसनांचा, २४ मीटर लांब, १४ मीटर रुंद, छत साधारण ७ मीटरवर. मंचाच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर एकेक स्पीकर आणि प्रत्येकासाठी ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर चॅनल. कार्यक्रम मुख्यतः भाषणांचे आणि चर्चेचे, अधूनमधून गाण्याचे. शेवटच्या सहा-सात रांगांतून तक्रार येते की आवाज ऐकू येतो पण काय बोलताहेत ते कळत नाही. आवाज वाढवला की शिट्टी वाजते. साहित्य पुरवणाऱ्याने १००० वॅटचे ॲम्प्लिफायर सुचवले आहेत, ते घ्यावेत का, हे तुम्हाला हवे आहे.

माझे मत स्पष्ट आहे: आत्ता घेऊ नका. पुढचे सगळे लिहिण्याचे कारण इतकेच की नुसते ‘नको’ हे उत्तर तुम्हाला समितीसमोर मांडता येणार नाही. मांडायला आकडे आणि कारणे लागतील.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिले आहे, ते माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे आहे. हॉल खच्चून भरला की तक्रारी कमी येतात, निम्मा रिकामा असला की वाढतात. ताकद कमी पडत असती तर उलटे घडले असते, कारण गर्दीत कुजबुज, खोकणे, हालचाल वाढते आणि जास्त आवाज लागतो. तुमच्याकडे माणसे वाढली की शब्द स्पष्ट होतात. याचा अर्थ माणसांची शरीरे आणि कपडे काहीतरी शोषून घेत आहेत आणि तेच तुम्हाला त्रास देत होते. ते म्हणजे हॉलचे घुमणे. तुमची अडचण आवाज पोचण्याची नाही. वक्त्याचा थेट आवाज आणि भिंतींवरून परतणारा आवाज यांचे मागच्या खुर्चीतले प्रमाण बिघडले आहे. शिट्टी ही त्याहून वेगळी अडचण आहे आणि तिचे कारणही वेगळे आहे. या दोन्ही दुखण्यांना एकच औषध सुचवले गेले आहे आणि ते दोघांपैकी एकालाही लागू पडत नाही.

आधी वॅटचा हिशेब संपवू, तो सोपा आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनक्षमता दिलेली असते, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात. तुमच्या वर्गातल्या स्पीकरसाठी ९५ डेसिबल धरू. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. २० मीटरवर ती २६ डेसिबलने उतरते, म्हणजे १ वॅटवर तिथे ६९ डेसिबल उरतात. भाषणाला मागे सरासरी ८० डेसिबल दिले तर भरपूर झाले. शब्दांतले क्षणिक चढाव सरासरीच्या बरेच वर जातात, त्यासाठी आणखी १५ डेसिबलची मोकळीक ठेवू. एकूण ९५ हवेत, आहेत ६९. फरक २६ डेसिबलचा, आणि २६ डेसिबल म्हणजे ४०० पट ताकद. उत्तर ४०० वॅट आले. हा हिशेब एकाच स्पीकरचा आणि हॉलची अजिबात मदत न धरता केलेला आहे. तुमच्याकडे ५०० वॅटचे दोन चॅनल आहेत. भाषणासाठी ताकद पुरेशी आहे.

आणि समजा वाढवलीच, तरी हाती काय लागेल? ताकद दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. ३ डेसिबलचा फरक कळतो, पण त्याने कोणाचे समाधान होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ॲम्प्लिफायर जेव्हा थेट आवाज ३ डेसिबलने वाढवतो, तेव्हा हॉलमधला घुमारासुद्धा नेमका ३ डेसिबलनेच वाढतो. दोघांचे प्रमाण जिथल्या तिथे राहते.

आता त्या प्रमाणाकडे येऊ, कारण भाषणाच्या ध्वनियोजनेचा सगळा पाया तिथे आहे. ‘कान’, ‘पान’, ‘तान’ हे तीन शब्द घ्या. स्वर एकच, शेवटही एकच. फरक आहे तो पहिल्या व्यंजनाचा, आणि ते व्यंजन काही मिलिसेकंदांत संपते. स्वरांमध्ये ऊर्जा जास्त असते, ते लांब टिकतात आणि खालच्या पट्टीत असतात. व्यंजने दुबळी, आखूड आणि वरच्या पट्टीतली. शब्द ओळखायला लागणारी बरीचशी माहिती १००० ते ४००० हर्ट्झच्या टापूत असते. घुमणाऱ्या हॉलमध्ये आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पडते आणि ते झाकले जाते. म्हणून श्रोता म्हणतो, ‘आवाज येतोय, पण कळत नाही.’ तो अगदी अचूक निदान सांगत असतो. आपणच त्याचा अर्थ ‘आवाज कमी आहे’ असा लावतो.

घुमणे मोजायची रीत वॉलेस सेबाइन या हार्वर्डच्या प्राध्यापकाने घालून दिली. १८९५ मध्ये तिथल्या एका व्याख्यान-दालनात बोललेले कळत नाही म्हणून त्याला ते सुधारायला सांगितले गेले होते, म्हणजे तुमचाच प्रश्न. त्याने दाखवले की आवाज बंद केल्यावर तो ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ हॉलच्या घनफळाच्या प्रमाणात वाढतो आणि हॉलमधल्या एकूण शोषणाच्या प्रमाणात घटतो. मेट्रिक मापात: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण. तुमचे घनफळ २४ गुणिले १४ गुणिले ७, म्हणजे २३५२ घनमीटर. फरशी, गिलावा, काच आणि कडक खुर्च्या असे तुम्ही वर्णन केले आहे, त्यावरून रिकाम्या हॉलचा हा काळ २ सेकंदांच्या आसपास धरतो. मोजल्यावर तो १.७ निघेल किंवा २.४, पण पुढची दिशा बदलणार नाही. २ सेकंद म्हणजे हॉलमध्ये सुमारे १९० चौरस मीटर शोषण आहे. बसलेला एक माणूस मधल्या पट्टीत ढोबळमानाने ०.४५ चौरस मीटर शोषतो. २०० माणसे आली की ९० ची भर पडते आणि काळ १.४ सेकंदांच्या खाली येतो. ४०० आली की १ सेकंदाला टेकतो. इतक्या घनफळाच्या हॉलमध्ये भाषणाला १ सेकंद उत्तम. तुमच्या तक्रारी गर्दीबरोबर का कमी होतात, ते या तीन आकड्यांत आले.

यातून पुढचा प्रश्न निघतो: स्पीकरपासून किती दूरपर्यंत थेट आवाज घुमाऱ्याला पुरा पडतो? ज्या अंतरावर दोन्ही सारखे होतात त्याला आम्ही क्रिटिकल डिस्टन्स म्हणतो. ते ०.०५७ गुणिले एक वर्गमूळ असे निघते, आणि त्या वर्गमुळात घनफळ गुणिले स्पीकरचा दिशिकपणा, भागिले घुमण्याचा काळ येतो. दिशिकपणा म्हणजे स्पीकर आवाज एका बाजूला किती एकवटतो. सगळीकडे सारखा फेकणाऱ्याचा १, आणि आडवा ९० अंश व उभा ६० अंश फेकणाऱ्या हॉर्नचा वरच्या पट्टीत साधारण ९-१०. तुमच्या हॉलला १० धरून रिकामेपणी उत्तर येते ६.२ मीटर. शेवटची रांग स्पीकरपासून २१ मीटरवर आहे. तिथे घुमारा थेट आवाजापेक्षा सुमारे १० डेसिबल वरचढ असतो.

डच संशोधक प्युट्झ यांनी १९७१ मध्ये व्यंजने किती टक्के हरवतात याचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली. क्रिटिकल डिस्टन्सच्या सुमारे ३.२ पटींपुढे गेले की हानी वाढायची थांबते आणि घुमण्याच्या काळाच्या ९ पट टक्क्यांवर स्थिरावते. तुमच्याकडे ३.२ पट म्हणजे १९.८ मीटर, म्हणून शेवटच्या रांगा त्या पलीकडे आहेत आणि २ सेकंदांना १८ टक्के व्यंजने जातात. १५ टक्के ही कामचलाऊ मर्यादा मानतात, १० च्या आत असले तर श्रोता निवांत ऐकतो. या सूत्रात वॅट कुठेच येत नाहीत. समितीला एकच गोष्ट दाखवायची झाली तर ही दाखवा.

सूत्र वाचले की मार्गही दिसतात, आणि ते तीनच आहेत. श्रोता आणि स्पीकर यांतले अंतर कमी करा, स्पीकरचा आवाज भिंतींऐवजी माणसांवर पडू द्या, किंवा हॉलचे शोषण वाढवा. बाकी सगळी साधने याच तीन गोष्टींना मदत करतात.

पण त्यांच्याकडे वळण्याआधी शिट्टी. शिट्टी वाजते कारण स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये परत शिरतो, आणि एका फेरीत तो जितका होता तितकाच किंवा जास्त होऊन बाहेर पडतो. ही फेरी माइक, वक्ता, स्पीकर आणि श्रोता यांच्या जागांवर ठरते. ॲम्प्लिफायर ५०० चा आहे की १००० चा, याने शिट्टीची वेळ बदलत नाही, कारण दोन्हींना ती त्याच पातळीवर वाजेल. मोठ्या ॲम्प्लिफायरची जास्तीची ताकद तुम्हाला वापरताच येणार नाही.

शिट्टीआधी किती वाढ मिळू शकते, याचा एक सोपा अंदाज मी प्रत्येक कामात पहिल्या दिवशी करतो. माइक ते स्पीकर अंतर गुणिले वक्ता ते शेवटचा श्रोता अंतर, भागिले वक्ता ते माइक गुणिले स्पीकर ते श्रोता अंतर. त्याचे डेसिबल करायचे, सुरक्षेसाठी ६ वजा करायचे, आणि उघड्या माइकांची संख्या दर वेळी दुप्पट झाली की आणखी ३ वजा करायचे. तुमच्याकडे पोडियमचा माइक वक्त्यापासून अर्ध्या मीटरवर आहे, स्पीकर माइकपासून ४ मीटरवर, मागच्या रांगांतला एक श्रोता वक्त्यापासून २० मीटरवर आणि स्पीकरपासून १८ मीटरवर धरू. भागाकार येतो ८.९, म्हणजे १९ डेसिबल. ६ गेले, १३ उरले. चर्चेच्या वेळी चार माइक उघडे असतात, आणखी ६ गेले, उरले ७. आता हवे किती? त्या माणसाला वक्ता २ मीटरवर उभा असल्यासारखे ऐकू यायला २० डेसिबल हवेत. १३ ची तूट आहे.

आता माइक तोंडापासून अर्ध्या मीटरऐवजी १० सेंटिमीटरवर आणा. एवढ्या एका बदलाने १४ डेसिबल मिळतात. तूट भरून निघाली, चारही माइक उघडे असताना. ॲम्प्लिफायरच्या भाषेत १४ डेसिबल म्हणजे २५ पट ताकद. हे आकडे मोकळ्या हवेचे आणि सर्व बाजूंनी सारखे ऐकणाऱ्या माइकचे आहेत. प्रत्यक्षात कार्डिऑइड माइक (समोरून जास्त आणि मागून कमी ऐकणारा) थोडी मदत करतो आणि घुमणारा हॉल थोडी मदत हिरावतो, पण अंतराचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही. म्हणून वक्त्यांना माइकजवळ बोलायला सांगणे, लांब मानेचा माइक तोंडापर्यंत वळवणे, आणि जे वक्ते फिरतात त्यांना गालाजवळ बसणारा हेडसेट देणे हा माझ्या लेखी ध्वनियोजनेचाच भाग आहे. कॉलरचा माइक दिसायला नीटनेटका असतो, पण तोंडापासून २० सेंटिमीटर दूर आणि हनुवटीच्या सावलीत असतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये मी तो शक्यतो टाळतो.

उघड्या माइकांबद्दल थोडे अधिक. चर्चेत सहा जण बसले असतील तर बोलतो एक, उघडे असतात सहाही. बाकीचे पाच माइक फक्त घुमारा गोळा करतात आणि शिट्टी जवळ आणतात. मिक्सरवर समजदार माणूस असेल तर तो हाताने उघडझाप करतो. नसेल तर ऑटोमॅटिक मिक्सिंगची सोय असलेला मिक्सर घ्या. ही कल्पना डॅन ड्युगन यांनी १९७० च्या दशकात विकसित केली: जो बोलतो त्याच्याकडे वाढ सरकते, आणि सगळ्या माइकांची एकूण वाढ एकाच उघड्या माइकइतकी राहते. आता बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये ती असते. चर्चासत्रांना तिच्याइतका उपयोग क्वचितच दुसऱ्या कशाचा होतो.

माइकची पाठ कुठे येते हेही पाहा. कार्डिऑइड माइक थेट मागून सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइडची ही बहिरी बाजू मागे नसून समोरपासून सुमारे १२६ अंशांवर, दोन्ही तिरप्या कोनांत असते. त्याच्या बरोबर मागे मंचावरचा मॉनिटर, म्हणजे मंचावरच्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, ठेवला तर तो शिट्टीला आमंत्रण देतो. माइकचा प्रकार ओळखून मॉनिटर ठेवा. आणि गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की दिशा ओळखण्याची माइकची क्षमताच जाते, कारण ती मागच्या छिद्रांवर अवलंबून असते.

आता स्पीकरची जागा. दीड मीटर उंचीच्या स्टँडवरचा स्पीकर पहिल्या रांगेपासून ३ मीटरवर आणि शेवटच्या रांगेपासून २१ मीटरवर आहे. सातपट अंतर, म्हणजे थेट आवाजात सुमारे १७ डेसिबलचा फरक. मागच्यांसाठी वाढवाल तर पुढचे कान झाकतील. शिवाय समोरच्या माणसांची डोकी मागच्यांच्या वाट्याचा वरच्या पट्टीतला आवाज अडवतात, म्हणजे नेमकी व्यंजने. तोच स्पीकर ५ मीटरवर टांगला, तर पहिली रांग तिरप्या रेषेत ४.८ मीटरवर जाते आणि शेवटची २१.३ मीटरवर. फरक १३ डेसिबलवर येतो. त्यावर स्पीकरचे तोंड शेवटच्या तिसऱ्या भागाकडे रोखले की पहिली रांग त्याच्या झोताच्या कडेला येते. कव्हरेजचा कोन म्हणून जो आकडा छापलेला असतो, त्या कडेवर पातळी ६ डेसिबलने कमी असते. उरला ७ डेसिबलचा फरक. नवीन काहीही न घेता १७ चे ७ झाले. पुढच्या दोन रांगांना वक्ता तसाही थेट ऐकू येतो, आणि गरज पडलीच तर मंचाच्या कडेला दोन छोटे स्पीकर लावता येतात.

तोंड खाली झुकवल्याचा दुसरा फायदा मला पहिल्याहून मोठा वाटतो. झोत माणसांवर पडतो, मागच्या भिंतीच्या वरच्या भागावर नाही. माणसे आवाज शोषतात, भिंत परत फेकते. आडव्या दिशेतही असेच: १४ मीटर रुंदीच्या हॉलमध्ये ९० अंशांचा स्पीकर कडेच्या भिंतीजवळ सरळ ठेवला तर निम्मा झोत भिंतीवर जातो. तो आत वळवा.

टांगण्याबाबत मी कडक आहे. डोक्यांवर वजन लटकवायचे तर छताच्या त्या बिंदूची क्षमता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, स्पीकर उत्पादकाने टांगण्यासाठी दिलेले बिंदू आणि प्रमाणित साहित्यच वापरा, आणि दुसरी स्वतंत्र सुरक्षा-केबल लावा. हे जमणार नसेल तर स्पीकर खालीच राहू द्या आणि भिंतीला घट्ट बसणारे उभे कॉलम स्पीकर पाहा. कॉलम उभ्या दिशेत झोत अरुंद ठेवतो, त्यामुळे छताकडे कमी आवाज जातो. मात्र तो किती खालच्या पट्टीपर्यंत दिशा राखेल, हे त्याच्या लांबीवर असते. १००० हर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, १०० हर्ट्झची ३.४ मीटर. अर्ध्या मीटरचा कॉलम खालच्या पट्टीत साध्या डब्यासारखाच चौफेर पसरतो. ‘लाइन ॲरे’ (स्पीकर-डब्यांची उभी रांग) हे नाव लावलेल्या लहान संचांनाही हेच लागू. अंतर दुप्पट झाल्यावर ३ डेसिबलच उतरतात, हा त्यांचा गुण लांब रांगेत आणि वरच्या पट्टीत दिसतो. तीन-चार डब्यांच्या संचाकडून पूर्ण पट्टीत तशी अपेक्षा ठेवू नका.

जागा सुधारूनही शेवटच्या रांगा क्रिटिकल डिस्टन्सच्या तिप्पट अंतरावर राहत असतील, तर हॉलच्या मध्यावर डिले स्पीकर, म्हणजे मुद्दाम किंचित उशिराने आवाज देणारे स्पीकर, लावायचे. पुढच्या स्पीकरपासून १३ मीटरवर दोन छोटे स्पीकर, मागे तोंड करून. आवाज १ मीटर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात, म्हणून पुढचा आवाज तिथे ३८ मिलिसेकंदांनी पोचतो. डिले न देता ते जोडले तर मागच्या माणसाला जवळच्या स्पीकरचा शब्द आधी आणि मंचाचा नंतर ऐकू येतो, शब्द दुहेरी होतात आणि आवाज छतातून आल्यासारखा वाटतो. ३८ मध्ये आणखी १०-१२ मिलिसेकंद मिळवून ५० च्या जवळ डिले ठेवा. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखवले की ५ ते ३० मिलिसेकंद उशिरा येणारी प्रत आधीच्या आवाजापेक्षा सुमारे १० डेसिबलपर्यंत मोठी असली तरी कान आवाजाची दिशा आधी आलेल्या आवाजावरूनच ठरवतो. म्हणजे मागच्या श्रोत्याला स्पष्टपणा डिले स्पीकर देतो आणि आवाज मात्र वक्त्याकडूनच आल्यासारखा वाटतो. मी डिले स्पीकरची पातळी पुढच्या आवाजाच्या ६ डेसिबलपेक्षा वर नेत नाही. आणि डिले लागले की पुढचे स्पीकर थोडे खाली आणायचे. नाहीतर नवीन स्पीकरही हॉलच्या घुमाऱ्यात भरच घालतील.

तिसरा मार्ग शोषणाचा. इथे परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे: भिंतीला हात लावायची परवानगी आहे का, गाण्याचे कार्यक्रम किती, हॉल किती वेळा निम्मा रिकामा असतो. गाण्याला थोडे जास्त घुमणे मानवते, विशेषतः ध्वनिवर्धनाशिवायच्या गाण्याला, त्यामुळे हॉल पार कोरडा करू नका. पण मागची भिंत आधी घ्या. मंचावरून निघालेला आवाज २४ मीटर जाऊन परत मंचावर यायला १४० मिलिसेकंद लागतात. हा घुमारा नाही, स्पष्ट प्रतिध्वनी आहे, आणि वक्ता त्याने अडखळतो. तिथे ७० चौरस मीटर चांगले शोषक पॅनल बसवले तर सेबाइनच्या हिशेबाने रिकाम्या हॉलचा काळ २ वरून १.५ सेकंदांवर येतो, आणि निम्म्या भरलेल्या हॉलचा १.१ वर. पॅनल किमान ५ सेंटिमीटर जाड, शक्य तर भिंतीपासून थोडी पोकळी सोडून, आणि आगीच्या दृष्टीने प्रमाणित हवे. पातळ गालिचा किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. ते फक्त वरची पट्टी खातात, म्हणजे ज्या व्यंजनांसाठी आपण भांडतोय तीच, आणि खालचे घोंघावणे तसेच ठेवतात.

इक्वलायझरबद्दल तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी सुचवेलच. भाषणाच्या प्रत्येक माइकवर १०० ते १२० हर्ट्झच्या खालचे कापा. तिथे बोलण्यातले कामाचे फारसे काही नसते आणि हॉल तिथेच सगळ्यात जास्त घुमतो. शिट्टीच्या दोन-तीन ठळक जागा अरुंद फिल्टरने थोड्या खाली आणा. आठ-दहा जागा कापाव्या लागत असतील तर थांबा, कारण मग दोष माइक किंवा स्पीकरच्या जागेत आहे. इक्वलायझर सूर बदलतो, घुमण्याचा काळ बदलू शकत नाही.

पातळ्यांची साखळीही एकदा लावून घ्या. मिक्सरवर बोलण्याची सरासरी शून्याच्या खुणेजवळ ठेवा. व्यावसायिक उपकरणांत ती बहुधा ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट असते, आणि वर १८-२० डेसिबलची मोकळीक उरते. माइकची सुरुवातीची वाढ कमी ठेवून पुढे ॲम्प्लिफायर पूर्ण उघडला तर सुस्कारा वाढतो. उलट केले तर मिक्सरमध्येच आवाज फाटतो आणि लोक स्पीकरला दोष देतात. केबल बॅलन्स्ड, म्हणजे दोन तारांवर उलटसुलट सिग्नल नेऊन बाहेरची खरखर रद्द करणारी, असू द्या. गुणगुण येत असेल तर मिक्सर आणि ॲम्प्लिफायर यांची वीज एकाच सर्किटवरून घ्या, गरज पडली तर सिग्नलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. विजेची अर्थिंग पिन मात्र कधीही काढू नका, त्यात जीव जातो. स्पीकरची केबल २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर ३० मीटरवर ८ ओहमच्या स्पीकरला अर्ध्या डेसिबलहूनही कमी नुकसान होते, तिच्यावर वेळ घालवू नका.

गाण्याच्या कार्यक्रमांसाठी मात्र माझे वरचे वॅटचे गणित जसेच्या तसे धरू नका. ढोल, बास गिटार, रेकॉर्ड केलेला ट्रॅक असेल तर खालच्या पट्टीला खरोखर ताकद लागते आणि ती वेगळ्या सबवूफरकडे दिलेली बरी. तसे कार्यक्रम वर्षातून मोजके असतील तर त्या दिवसापुरते साहित्य बाहेरून आणा. मोजक्या रात्रींसाठी कायमची यंत्रणा आखली की रोजच्या भाषणांना त्याचा त्रास होतो.

क्रम कसा ठेवाल: आधी माइकचे अंतर आणि उघड्या माइकांची संख्या, मग स्पीकरची उंची आणि रोख, मग मागची भिंत, मग डिले. पहिल्या दोन पायऱ्या याच आठवड्यात करून पाहता येतील. स्टँड जितका उंच सुरक्षितपणे जाईल तितका न्या, स्पीकर खाली झुकवा, माइक तोंडाजवळ आणा. प्रत्येक पायरीनंतर एकच चाचणी घ्या, आणि तीही निम्म्या रिकाम्या हॉलमध्ये, कारण तुमची यंत्रणा तिथे नापास होते. मंचावरून एकाने ‘कान’, ‘पान’, ‘तान’, ‘दान’, ‘मान’ यांसारखे सुटे शब्द उलटसुलट क्रमाने वाचावेत, मागच्या रांगांत बसलेल्यांनी ऐकले तसे लिहावे. सलग वाक्ये वाचू नका, कारण माणूस संदर्भावरून गाळलेली जागा भरतो आणि यंत्रणेला फुकटचे गुण मिळतात. पन्नास शब्दांत किती चुकले ते रांगवार लिहून ठेवा. पुढची पायरी लागणार की नाही, हे त्या कागदावरून ठरेल, आणि पुरवठादाराशी बोलतानाही तोच कागद समोर ठेवा.